बाण सुटण्याचा क्षण

श्रोतेहो, मालवणच्या किनाऱ्यावर पाग टाकणारा माणूस आपण पुष्कळांनी पाहिला असेल. गुडघाभर पाण्यात तो उभा असतो. मासळीची चमक दिसली रे दिसली, की जाळे फेकलेच त्याने! डोळ्यांनी पाहणे आणि हाताने करणे यांच्यामध्ये जो अल्पसा काळ जातो, त्याला मानसशास्त्रात प्रतिक्रियाकाल म्हणतात. पाग टाकणाऱ्याचे सारे यश या चपळाईवर. तिरंदाजाचेही तसेच असणार, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुतः तिरंदाजीत चपळाईपेक्षा सारखेपणा मोठा.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. या स्पर्धेत लक्ष्य ७० मीटरांवर असते आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे लहानशा बशीएवढे. बाण ७० सेंटिमीटर लांब धरला, तर लक्ष्य त्याच्या शंभर पट दूर आहे. सुटताना बाणाचे टोक एक मिलिमीटर बाजूला वळले, की तिकडे दहा सेंटिमीटरांची चूक झाली. दहा गुण हुकलेच!

म्हणून या जातीच्या धनुष्याला क्लिकर नावाची धातूची पातळ, लवचीक पट्टी बसवतात. बाण तिच्याखालून मागे ओढायचा. ओढ ठरल्या मापाला आली, की बाणाचे टोक पट्टीखालून निसटते आणि पट्टी ‘टक्’ असा आवाज करते. आवाज ऐकताच दोरीवरची बोटे सैल करायची. हां, मुद्दाम उघडायची नाहीत. सैल सोडायची, म्हणजे दोरी आपली आपण निसटते. ‘टक्’पासून दोरी सुटेपर्यंतचा काळ प्रयोगशाळेत मोजतात. तो साधारण सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा भरतो. हा काळ दर बाणाला सारखा असेल, तर बाण एकाच ठिकाणी जमतात. कधी लवकर, कधी उशिरा असे झाले, तर मधल्या वेळात धनुष्याचा हात हलतो आणि बाण विखुरतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, प्रतिक्रियाकाल आपल्या शाळेतही मोजता येतो. तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवा. शून्याची खूण मुलाच्या अंगठा आणि बोट यांच्या मधोमध यावी. बोटांनी पट्टीला शिवू नये. न सांगता पट्टी सोडा. मुलाने ती जिथे पकडली तो आकडा वाचा, त्याला ४९० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर सेकंदांत येते. १५ सेंटिमीटर म्हणजे ०.१७५ सेकंद, २० म्हणजे ०.२०२, २५ म्हणजे ०.२२६.

मात्र एकदाच मोजून थांबू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. वर्गातल्या एका मुलाची पट्टी २५ वर थांबली. मुले हसली आणि मीही वहीत त्याच्यापुढे ‘मंद’ असे लिहिले. शेजारच्याने १३ वर पकडली. त्याला शाबासकी मिळाली. पुढच्या तासाला दोघांकडून दहा-दहा वेळा प्रयोग करून घेतला. पहिल्याचे सारे आकडे २२ ते २५ मध्ये. शाबासकीवाल्याचे १३ पासून २८ पर्यंत पसरलेले! धनुष्य कोणाच्या हाती द्यावे, तुम्हीच सांगा. वहीतला तो शब्द मी त्या मुलासमोर खोडला. पण आदल्या दिवशीचे हसू काही परत घेता आले नाही.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाण सोडले आणि १५० पैकी १५० गुण मिळवले. प्रतिस्पर्ध्याला १४९ पडले. ओजसचे धनुष्य निराळ्या जातीचे, कप्प्या बसवलेले. अंतरही ५० मीटरांचे. पण नियम तोच. एक बाण अचूक जाणे हा योगायोग असू शकतो. पंधरा बाण सारखे जाणे ही सवय असते.

तेव्हा श्रोतेहो, मुलांची चपळाई अवश्य मोजा, पण तिच्याशेजारी सारखेपणाचाही रकाना आखा. आणि दहा वेळा मोजल्याशिवाय कोणत्याही मुलाच्या नावापुढे काही लिहू नका.