हाकेला येणारा कुत्रा



गेले आठ दिवस या मांडवात आपण मोठमोठे विषय ऐकलेत. काल तर आकाशगंगेपर्यंत जाऊन आलात. आज आपल्याला एकदम कुत्र्यावर उतरावे लागत आहे, याबद्दल आम्ही आधीच क्षमा मागतो. विषय ठरला तेव्हा मंडळाच्या एका सभासदांनी विचारले म्हणे, “यात तासभर बोलण्यासारखे आहे काय? ‘यू यू’ केले की कुत्रा येतो!” या गृहस्थांनी कुत्रा पाळलेला नसावा, किंवा पाळला असल्यास तो साखळीतून कधी सोडलेला नसावा.

कारण घरात, हातात भाकरीचा तुकडा असताना, कोणाचाही कुत्रा येतो. प्रश्न मैदानावरचा आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी हे दृश्य पाहिलेच असेल. एक गृहस्थ हातात रिकामी साखळी घेऊन उभे आहेत. दहा हातांवर त्यांचा टायगर उभा आहे. गृहस्थ आधी लाडाने हाक मारतात, मग जरबेने, मग टायगरच्या कुळाचा उद्धार करतात. ते एक पाऊल पुढे आले की टायगर एक पाऊल मागे जातो आणि शेपूट हलवतो. बघे हसतात. गृहस्थ म्हणतात, “भारी हट्टी जात!”

आमचे म्हणणे असे, की टायगर हट्टी नाही. त्याचा हिशेब पक्का आहे. मैदानावर हाकेला गेले की काय होते, हे त्याने रोज पाहिले आहे. साखळी अडकते, खेळ संपतो, घरी जावे लागते. आपणही त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो. शाळा सुटायच्या आत घंटा वाजवून कोणी घरी बोलावले तर मुले धावत येतील. पण भोवरा रंगात आला असताना ‘अभ्यासाला ये’ म्हटले तर तीच मुले बहिरी होतात. आपल्या पुराणात युधिष्ठिराच्या मागे न बोलावता थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला एक कुत्रा आहे खरा. पण तो अखेर साक्षात यमधर्म निघाला. आपण दारात बांधतो त्याच्याकडून ती अपेक्षा धरू नये.

हा हिशेब आम्हाला फार उशिरा कळला. कसा कळला ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९८७ साली आमच्याकडे मोत्या होता. गावठी, तांबूस, एक कान पडलेला. दर रविवारी ‘मोत्या, ये’ म्हणून आम्ही त्याला बोलवायचो आणि विहिरीजवळच्या दगडावर नेऊन गार पाण्याने आंघोळ घालायचो. औषध पाजायचे असले तरी ‘मोत्या, ये’. चपला कुरतडल्या म्हणून जाब विचारायचा असला तरी ‘मोत्या, ये’. एकदा तो गल्लीतल्या कुत्र्यांबरोबर गेला आणि आम्ही तासभर हाका मारल्यावर परत आला. आला तो जमिनीला पोट घासत. आम्ही त्याला छडीचे दोन फटके दिले आणि म्हटले, “उशीर का केलास?” उशिराची शिक्षा केली, असे आम्ही समजलो. मोत्याच्या लेखी शिक्षा झाली ती येण्याची, कारण छडी बसण्यापूर्वी त्याने शेवटी काय केले होते? तो आमच्याजवळ आला होता.

त्याच श्रावणात एका संध्याकाळी फाटक उघडे राहिले. मोत्या रस्त्यापलीकडे गेला होता. आम्हाला बघून तो परत फिरला, आणि वळणावरून मालट्रक आला. आम्ही जिवाच्या आकांताने ओरडलो, “मोत्या, ये!” त्याने हाक ऐकली. तो थांबला. आमच्याकडे पाहिले, कान पाडले, आणि पुढे येण्याऐवजी भर रस्त्यात अंग चोरून बसला. पुढचे सांगण्याची गरज नाही. ट्रकवाल्याचा दोष नव्हता. त्या ओरडण्यात मोत्याला छडी ऐकू आली, आणि ती छडी आमचीच होती.

असो. यानंतर आम्ही वाचायला लागलो. अमेरिकेत थॉर्नडाइक नावाच्या पंडिताने १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात मांजर कोंडायचे. खटका दाबला की दार उघडते आणि बाहेर खायला असते. मांजर आधी वाटेल ते करते, पण ज्या कृतीमागून सुख आले ती हळूहळू ठसत जाते, बाकीच्या गळून पडतात. रशियात पाव्हलॉव्हने दाखवले की अन्नाच्या आधी नेमाने येणारी खूण नुसती कानावर पडली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. हाकेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदम चालतात. हाक ही खूण आहे आणि येणे ही कृती. खुणेमागून सुख आले तर खूण गोड होते. कृतीमागून छडी आली तर कृती मरते.

आणि एकदा ठसलेले किती टिकते? डार्विनचा एक कुत्रा होता, परक्यांवर धावून जाणारा. पाच वर्षे आणि दोन दिवसांच्या गैरहजेरीनंतर डार्विन जगप्रवासाहून घरी आला, तबेल्यापाशी गेला आणि पूर्वीच्या पद्धतीने त्याने हाक दिली. कुत्र्याने आनंदाचा गाजावाजा केला नाही. मालक अर्ध्या तासापूर्वीच गेला होता अशा थाटात मुकाट्याने मागोमाग फिरायला निघाला. १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात डार्विनने हे नोंदवले आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट शब्दाची. घरात कुत्र्याचे नाव दिवसातून शंभर वेळा निघते. ‘ये’ हा शब्द तर मुलांना, पाहुण्यांना, भाजीवालीला, सगळ्यांनाच जातो. शंभरदा कानावर पडून काहीच न घडणारा शब्द कुत्र्याला पंख्याच्या आवाजासारखा होतो. म्हणून बोलावण्याचा शब्द वेगळा, कोरा ठेवावा. आमच्या मते आपल्या आजीपणजींनी तो आधीच शोधून ठेवला आहे. १९९० साली मॅककॉनेल या बाईंनी पिल्लांवर शिट्ट्यांचा प्रयोग केला. तोकडे, चढते, पुन्हापुन्हा येणारे सूर ऐकून पिल्ले उत्साहाने जवळ येतात. एकच लांब, उतरता सूर तितका उठवत नाही. आता आपले ‘यू यू यू’ आठवा. आणि बैल थांबवताना गाडीवान काढतो तो लांब ‘होऽऽ’ आठवा. ‘हड्’ तर सांगायलाच नको. या गोष्टी गावोगाव लोकांना ठाऊक होत्या. शहरात येऊन आपण ‘कम, कम’ करायला लागलो.

आवाजाबद्दल आणखी एक. बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना यंत्रात न हलता पडून राहायला शिकवले, हेच आम्हाला मोठे नवल वाटते! मग त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१६ साली त्यांनी लिहिले की शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा सूर दोन्ही एकत्र आले तरच मेंदूतला सुखाचा भाग जागा होतो. गोड शब्द कोरडेपणाने म्हटला तर नाही, आणि निरर्थक शब्द लाडाने म्हटला तरी नाही. तेव्हा दातओठ खात ‘ये बाळा’ म्हणण्यात अर्थ नाही.

सुरुवात घरातल्या घरात करावी. दोन पावलांवरून शब्द उच्चारायचा, तो आला की त्याच क्षणी तोंडात काहीतरी उत्तम घालायचे. उत्तम म्हणजे रोजची भाकरी नव्हे. उकडलेल्या काळजाचे हरभऱ्याएवढे तुकडे हे आमचे ब्रह्मास्त्र आहे. शाकाहारी घरांनी पनीर वापरावे. मात्र प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट देऊ नये; कुत्र्याला ती विषारी आहेत. तुकडा देण्याआधी दुसऱ्या हाताने गळ्यातला पट्टा धरावा. हे न केल्यामुळे पुष्कळ कुत्रे तुकडा घेऊन निसटण्यात तरबेज होतात. पट्ट्याला हात लागला की खाऊ मिळतो, हे त्याच्या अंगवळणी पडले पाहिजे.

यापुढची युक्ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच लोक टाळतात. बोलावून, खाऊ देऊन, ‘जा, खेळ’ म्हणून परत सोडावे. मैदानावर दहा वेळा बोलावलेत तर नऊ वेळा सोडून द्यावे. मग दहाव्या वेळी साखळी लागली तरी त्याचा हिशेब तोट्यात जात नाही. टायगरच्या मालकांनी एवढे एक केले असते तरी त्यांची सकाळ सुखाची गेली असती.

घरात जमले म्हणजे बाहेर जमले, असे मात्र नाही. कुत्र्याच्या दृष्टीने स्वयंपाकघरातला शब्द आणि शेळ्यांच्या कळपाजवळचा शब्द हे दोन वेगळे धडे आहेत. म्हणून घर, मग अंगण, मग निर्जन माळ, मग माणसे असलेला माळ, अशा पायऱ्या घ्याव्यात. मधल्या काळात वीस-तीस फुटांची हलकी दोरी असावी. ती गळ्याला बांधू नये, छातीच्या पट्ट्याला बांधावी. धावत गेलेल्या कुत्र्याच्या मानेला एकदम हिसका बसणे वाईट. आणि हातात गुंडाळू नये, आमच्या तळहातावर अजून खूण आहे. दोरी ओढून आणण्यासाठी नाही. न येता पळून जाण्यातही मजा असते, तो धडा त्याला मिळू नये एवढेच तिचे काम.

हाक एकदाच द्यावी. येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा देऊच नये. चालत जाऊन त्याला घेऊन यावे. आंघोळ, औषध, नखे कापणे यांसाठी तर कधीच हाक नको. आणि पाठलाग करू नये. तो चार पायांचा, आपण दोन पायांचे. त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. उलट दिशेने पळावे, नाहीतर खाली बसावे. भर बाजारमैदानात प्रौढ माणसाने असे पळणे शोभत नाही, हे आम्हाला मान्य आहे. आम्हाला पळताना पाहून आमच्या एका माजी विद्यार्थ्याने घरी येऊन प्रकृतीची चौकशी केली होती.

पुष्कळ जण विचारतात, खाऊ जन्मभर द्यायचा का? स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातली गोष्ट आपल्याकडच्या आकडा लावणाऱ्या मंडळींना ग्रंथाविना ठाऊक आहे. बक्षीस कधी लागेल ते सांगता येत नसले की माणूस खेळतच राहतो. काम पक्के बसल्यावर कधी नुसती शाबासकी, कधी एक तुकडा, आणि कधी अवचित मूठभर द्यावे. पण आम्ही मोकळ्या मैदानावर काही ना काही देतोच. पगार बंद करून इमानाची परीक्षा पाहण्याची आम्हाला हौस नाही.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ कठीण. कालपर्यंत शहाणे असलेले पिल्लू एकाएकी ओळख दाखवत नाही. घरात तरुण मुले असलेल्यांना अधिक सांगायला नको. त्या काळात दोरी पुन्हा काढावी आणि रागावू नये. जातीचाही प्रश्न आहे. कारवानी किंवा मुधोळ कुत्रा डोळ्यांनी शिकार हेरून वाऱ्यासारखा सुटण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला. ससा उठला की त्याचे कान नावापुरते उरतात. अशा कुत्र्याला कुंपण नसलेल्या जागी मोकळे सोडण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आणि रस्त्यावर तर कोणालाच सोडू नये. आमचा कुत्रा कितीही येणारा असला तरी समोरून येणाऱ्या लहान मुलाला, म्हाताऱ्या बाईला ते कसे कळावे? पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करणे हा गुन्हा आहे. तो पूर्वीच्या दंडसंहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचणे हेही त्यातच आले.

आमच्याकडे सध्या चंपी आहे, मोत्यासारखीच गावठी. नदीच्या वाळवंटात ती पहाटे मोकळी असते. गेल्या महिन्यात धनगरांची मेंढरे पाण्यावर आली, चंपी निम्म्या वाटेवर गेली, आणि आम्ही ‘यू यू यू’ केले. ती वळली, धापा टाकत आली आणि तिने मान आमच्या हाताखाली घातली. खिशातले सगळे काळीज तिला दिले. दोनच दिवसांनी एक मुंगूस आडवे गेले, तेव्हा मात्र तिने आमची हाक साफ बुडवली आणि पाऊण तासाने बाभळीचे काटे घेऊन परतली. आम्ही काटे काढले, एक तुकडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन पुन्हा अंगणापासून सुरुवात केली. काल संध्याकाळी आम्ही फाटकापर्यंत आलो आहोत.