आजार वाढला तरी उपचार आहेत
(महिला मेळाव्यातील भाषण)



बँकेत आयुष्य गेलं, म्हणून आकड्यांतच बोलतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचला की ऑपरेशन करत नाहीत. मग "आता काही होत नाही" म्हणून घरचे बाईला परत आणतात. हे बरोबर नाही.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने अशाच, ३-बी टप्प्याच्या, ८५० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. नुसता शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या. सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन औषध दिलेल्यांपैकी ५४ टक्के. म्हणजे शंभरामागे आठ जीव जास्त वाचले.

मात्र आधी बाहेरून शेक, मग आतून शेक, हे सारं साधारण आठ आठवड्यांत पुरं व्हायला हवं. मध्येच सोडून "रोवणी आटोपली की जाऊ" म्हणू नका. नागपूरला तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, खर्चासाठी महात्मा फुले योजना आहे.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लाजू नका, लगेच दाखवा. नागपूरला न्यायला कुणी नसेल तर आम्हा रिटायर्ड मंडळींना सांगा. आम्हाला वेळच वेळ आहे.