पुस्तक विचारावे कसे आणि सुचवावे कसे



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे? पुस्तक हवे असले की चार वाचणाऱ्यांना विचारावे, त्यांनी नाव सांगावे, आपण ते आणावे. पत्ता विचारण्यासारखीच ही गोष्ट. पण पत्ता विचारणारा आपल्याला कोठे जायचे आहे ते आधी सांगतो. पुस्तक विचारणारा नेमके तेवढेच सांगत नाही. तो म्हणतो, "काहीतरी चांगले वाचायला सुचवा." वैद्याकडे जाऊन "काहीतरी चांगले औषध द्या" असे आपण म्हणत नाही, कोठे दुखते ते सांगतो. ग्रंथांच्या बाबतीत मात्र आपण दुखणे लपवतो आणि औषध लागू पडले नाही म्हणून कुरकुरतो.

या मोघम प्रश्नाला मोघम उत्तर म्हणजे 'उत्तम पुस्तकांची यादी'. अशा याद्यांत एक फार गाजली. 1886 साली लंडनला सर जॉन लबक यांनी कामकरी लोकांच्या एका महाविद्यालयात भाषण केले आणि वाचनीय अशा सुमारे शंभर ग्रंथांची नावे पुढे ठेवली. 'पॉल मॉल गॅझेट' या पत्राने ती यादी मोठमोठ्यांकडे अभिप्रायार्थ पाठवली. त्यांत जॉन रस्किन हे होते. त्यांनी लेखणी उचलली आणि यादीतल्या नावांवर सपासप काट मारली! दोघेही विद्वान, दोघेही बहुश्रुत. पण एकाचे अमृत ते दुसऱ्याला विष वाटले. कारण उघड आहे. ती यादी कोणा एका माणसासाठी केलेली नव्हती; ती सर्वांसाठी होती, म्हणून कोणाचीच नव्हती.

आता याच रस्किनच्या एका पुस्तकाची हकिकत पाहा. 'अन्टु धिस लास्ट' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले त्याचे अर्थशास्त्रावरील निबंध 1860 साली एका मासिकात येऊ लागले, तेव्हा वाचक इतके खवळले की चार निबंधांनंतर ती माला थांबवावी लागली. बहुमताने पुस्तके निवडायची तर हे पुस्तक त्याच वेळी बाद झाले असते. पण 1904 साली गांधीजी जोहान्सबर्गहून डर्बनला निघाले असता त्यांचे मित्र हेन्री पोलाक स्टेशनवर निरोप द्यायला आले आणि हे पुस्तक त्यांच्या हाती देऊन, वाटेत वाचा, तुम्हांला आवडेल, असे म्हणाले. प्रवास चोवीस तासांचा. पुस्तक हातचे सुटेना. गाडी संध्याकाळी पोहोचली, पण त्या रात्री गांधीजींना झोप आली नाही. त्याच वर्षी फिनिक्सचा आश्रम उभा राहिला, आणि 1908 साली त्या पुस्तकाचा सारांश त्यांनी गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने दिला. पोलाकांनी शंभर नावे सांगितली नाहीत. माणूस ओळखला, वेळ ओळखली आणि एकच पुस्तक दिले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंबईत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर नावाच्या हुशार विद्यार्थ्याला कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला काय घडले ते आपण सारे जाणतो. मधल्या काळात बाबासाहेबांनी जे अफाट वाचले आणि जे सोसले, त्या सर्वांचे श्रेय एका पुस्तकाला देणे भाबडेपणाचे होईल. तरी आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी त्या भेटीची आठवण काढली आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, पोलाक आणि केळुसकर सर्वांनाच कोठून लाभणार? प्रश्न रास्त आहे. आणि सार्वजनिक ग्रंथालय ही संस्था या प्रश्नाचेच उत्तर आहे. डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यांतला दुसरा आणि तिसरा नियम नीट पाहा. वाचक आणि ग्रंथ या दोघांची गाठ घालून देणारा कोणीतरी मध्ये हवा, हे त्यांत गृहीत आहे. म्हणजे ग्रंथपाल हा कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा कारकून नव्हे. तो जाणता मध्यस्थ आहे. परंतु आपण देवघेवीच्या टेबलाशी जातो, पुस्तक परत करतो, दुसऱ्याची चिठ्ठी पुढे सरकवतो आणि तोंडातून शब्द न काढता घरी येतो. विचारणारा नसेल तर सांगणाऱ्याची विद्या गंजते.

मग विचारावे कसे? पहिली गोष्ट, मागे वाचलेले एखादे आवडते पुस्तक सांगावे. आणि ते का आवडले, हेही सांगावे. समजा, एखाद्या बाईंना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आवडली. एवढ्यावरून पुढचे पुस्तक ठरत नाही. त्या काळच्या संसारी स्त्रीचे मन कळले म्हणून आवडली असेल, तर रमाबाई रानड्यांच्या आठवणी द्याव्यात. धर्मांतराच्या वेळची घालमेल मनाला भिडली असेल, तर बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' द्यावे. आणि साध्या बोलण्यातून माणसे उभी राहतात याची मौज वाटली असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' हाती ठेवावी. पुस्तक एक, पण त्यातून निघणाऱ्या वाटा तीन.

दुसरी गोष्ट, न आवडलेले पुस्तकही सांगावे. यात संकोच फार आडवा येतो. सारे जग वाखाणते ते मला कंटाळवाणे वाटले असे म्हटले, तर आपली अक्कल निघेल, अशी भीती वाटते. वस्तुतः जाणत्या माणसाला आवडीपेक्षा नावडीतूनच अधिक कळते. तिसरी गोष्ट, आपली सवड आणि प्रयोजन सांगावे. दिवसभर दुकानात उभे राहून रात्री अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला सहाशे पानांचा ग्रंथ सुचवणे म्हणजे थकल्या बैलाला नांगराला जुंपणे होय. आणि चौथी गोष्ट, वाचून झाल्यावर सुचवणाऱ्याला परत जाऊन सांगावे. पुढच्या वेळी तो अधिक नेमके सुचवील.

सुचवणाऱ्यांचीही काही कर्तव्ये आहेत. सांगण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. दहा नावे सांगू नयेत, एक सांगावे. फार तर दोन. आपले वाचन किती मोठे आहे हे दाखवण्याची ती जागा नव्हे. "अजून हे वाचले नाही?" हे वाक्य तर जिभेवर येऊच देऊ नये. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेली घरे आहेत; त्यांतली मुलगी आज प्रथमच ग्रंथालयाची पायरी चढते. चाळिशीनंतर वाचायला शिकलेला गृहस्थ बिचकत बिचकत टेबलाशी उभा राहतो. त्या एका वाक्याने ती दोघे परत फिरतील आणि बहुधा पुन्हा येणार नाहीत. एक पुस्तक कपाटात पडून राहिले, एवढ्यापुरते ते नुकसान नसते. एक वाचक कायमचा गेला, हे खरे नुकसान असते.

आजकाल खिशातले यंत्रही पुस्तके सुचवते. ते उपयोगी आहे. दूर राहणाऱ्याला तर फारच. परंतु बहुतेक वेळा ते तुमचा मागचा माग पाहून पुढचे सांगते, किंवा खप कशाचा अधिक ते सांगते. तुमची मुलगी परगावी गेली आणि घर खायला उठते, म्हणून तुम्ही पुस्तक मागत आहात, हे शेजारच्या काकूंना न सांगता समजते. यंत्राला ते सांगावे लागते, आणि आपण तर तेथेही "काहीतरी चांगले" एवढेच म्हणतो!

शेवटी एक इशारा. सुचवलेले पुस्तक हे कर्ज नव्हे. पन्नास पानांत मन रमले नाही तर ते खुशाल मिटावे आणि सुचवणाऱ्याने रागावू नये. तसेच सल्ला एकाच माणसाकडे मागू नये. इतिहासासाठी एकाला, कवितेसाठी दुसऱ्याला, शेतीसाठी तिसऱ्याला विचारावे. नाहीतर त्या एकाच्या आवडीचे कुंपण आपल्याभोवती पडते.

माझी विनंती एवढीच की, या आठवड्यात आपल्या ग्रंथालयात जाऊन एक नेमका प्रश्न विचारा. आणि तुम्हांला कोणी विचारले तर त्याचे आधी ऐकून घ्या.