सत्कारानंतरची जबाबदारी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



वैद्यकीय, नर्सिंग व फार्मसी शाखांना प्रवेश मिळविलेल्या मुलामुलींचा आज आपण सत्कार केला. कल्याण-डोंबिवलीच्या वस्तीतले मूल डॉक्टर होणार, याचा अभिमान आहेच. परंतु हार घातल्यानंतर आपण त्याची विचारपूस करतो काय? थेट निकालच विचारतो. तोवर उशीर झालेला असतो.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन असे तीन मोठे विषय आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे हे वर्ष उत्तीर्ण होण्यास चारच संधी मिळतात. परीक्षेस बसण्यासाठी थिअरीत 75 टक्के व प्रात्यक्षिकांत 80 टक्के हजेरी लागते.

मागे पडणारा विद्यार्थी एका दिवसात मागे पडत नाही. पहिल्या अंतर्गत चाचणीत गुण कमी येतात किंवा तो चाचणीच टाळतो. प्रात्यक्षिके बुडतात, जर्नल अपुरे राहते. वर्गात शंका विचारणे बंद होते. घरी मात्र "सगळं ठीक आहे" एवढेच उत्तर येते. आईबापांनो, या उत्तरावर थांबू नका.

कारणेही समजून घ्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी ग्रंथाचे एक पान वाचण्यास तास लागतो. बदलापूर-टिटवाळ्याहून कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात रोज लोकलने ये-जा करणाऱ्याचा अभ्यासाचा वेळ गर्दीत जातो. कुणाची शिष्यवृत्ती अडकलेली असते. आणि काही ठिकाणी जातीचा जाच असतो. दिल्लीच्या एम्समधील प्रकारांची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीच्या 2007 च्या अहवालात वर्गातील, वसतिगृहातील व परीक्षेतील भेदभाव नोंदविला आहे. म्हणून गुण कमी पडले की मूल 'ढ' ठरवू नका. अडचण कोणती, ते विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, अडचण सांगण्यात कमीपणा नाही. लंडनमध्ये 1922 साली सादर केलेला प्रबंध परीक्षकांनी बाबासाहेबांकडे फेरलेखनासाठी परत पाठविला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि 1923 साली डी.एस्सी. पदवी मिळविली. आपण तर बाबासाहेबांची लेकरे!

माझी संस्थेला विनंती आहे. प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे वरच्या वर्गातला एक विद्यार्थी किंवा नोकरीतला एक कार्यकर्ता नेमावा. पहिल्या तीन महिन्यांत त्याने दोनदा तरी विहारात भेटावे व हजेरी, चाचणीचे गुण, शिष्यवृत्ती आणि मनःस्थिती विचारावी. जे कळेल ते वस्तीत चर्चेला जाऊ नये. गरज पडल्यास विद्यार्थ्यासोबत महाविद्यालयातील शिक्षकांना भेटावे. यास पैसा थोडा लागेल, माणूस मात्र लागेल.

हाराची फुले उद्या सुकतील. पहिल्या चाचणीनंतर या मुलांच्या दारात आपल्यापैकी कोण जाणार, त्यांची नावे आजच लिहून घ्या. पहिले नाव माझे लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!