वालचंदनगर येथील महिला मंडळाचें एक वर्ष



आमच्या मंडळास आज वर्ष पुरें झालें. हिशेब देणें आमचें काम. दरमहा वर्गणी जमली. अडीनडीस बियाण्याला व औषधपाण्याला पैसे मिळाले. अंगठा उठविणाऱ्या बाया सही करूं लागल्या. सारें वहींत आहे, ती कोणींही पाहावी.

परंतु एक गोष्ट वहींत नाहीं. संक्रांतीच्या हळदीकुंकवास ही वही लिहिणाऱ्या बाई दाराबाहेरच उभ्या राहिल्या. कां? तर धनी वारले! ज्यांच्या हातीं आमचा पैसा सुखरूप, त्यांच्या कपाळीं कुंकू लावावयास आमचे हात कांपले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचाच. नीरेच्या पाण्यानें माळावर ऊस आला, मनाचा माळ मात्र कोरडाच राहिला.

जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८६३ सालीं पुण्यांत अडचणींत सांपडलेल्या विधवांकरितां आपलें दार उघडलें. शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें बंद. त्याच महिन्यांत सरकारनेंही सर्व ग्रामपंचायतींस तसें करण्याविषयीं कळविलें. म्हणजे कागद झाला; आतां उंबरठा ओलांडावयाचा राहिला.

तो आपणच ओलांडूं. पुढील संक्रांतीस पहिलें वाण त्या बाईंच्या ओटींत पडेल. ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं आज येथेंच उठून बोलावें, पाठीमागें कुजबुजूं नये.

सत्यमेव जयते.