वारशाचे कारभारी



जे आपल्या मालकीचे नाही, ते सांभाळून पुढील पिढीच्या हाती देणे, हे महाजनांचे व्रत. जागतिक वारसास्थळाच्या अधिकाऱ्याचेही तेच. १९७२ च्या युनेस्को कराराने निसर्ग व संस्कृती यांचा वारसा एकत्र मानिला. प्रशिक्षण मात्र दीर्घकाळ बहुधा वेगवेगळेच चालले. वास्तुजतनाचे शिक्षण रोमची ‘इक्रोम’ संस्था देई, अरण्यरक्षणाचे वनविद्येच्या संस्था. २०१६ साली ‘इक्रोम’ने निसर्गसंवर्धनाच्या ‘आययूसीएन’सह नॉर्वेच्या साहाय्याने संयुक्त उपक्रम आरंभिला. स्थळाचे मोल कशात, त्यास धोका कोणता आणि भोवतालच्या लोकांचे त्याच्याशी नाते काय, हे तिन्ही प्रश्न तेथे एकत्र अभ्यासले जातात.

हे आवश्यकच होते. २०१२ साली यादीत आलेल्या कासच्या पठारावर फुलांची नावे जाणून भागत नाही. पर्यटकांची गर्दी आवरावी लागते व गावकऱ्यांना सोबत घ्यावे लागते. १९८६ पासून यादीत असलेल्या जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंच्या जांभ्या दगडाला पावसापासून जपावयाचे, तर तेथील उपासनाही अखंड राहिली पाहिजे.

अधिकारी बदलून जातो, गाव राहते. म्हणून ही विद्या गावापर्यंत पोहोचली, तरच ती टिकेल.