पटावरचा कारभार

बुद्धिबळाच्या पटावर दोन राजे समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाच्या हाताखालीं पंधरा मोहरे असतात आणि तेवढ्यांत सारें राज्य सामावलेलें असतें. भारतांत चतुरंग या नांवानें जन्मास आलेला आणि इराणमार्गें पश्चिमेकडे गेलेला हा खेळ युद्धाचें चित्र खरें, परंतु तें फार काटछाट केलेलें चित्र आहे. येथें हत्तीला चारा लागत नाहीं, घोड्याचा नाल निखळत नाहीं, प्याद्याचा पगार थकत नाहीं. एका वेळीं बहुधा एकच मोहरा हलवावयाचा आणि सारी बुद्धि त्या एका खेळीवर खर्च करावयाची. डाव कितीही लांबला, तरी चुरशीच्या डावांत शेवटच्या प्याद्याची एक चालही राजाचें भवितव्य फिरवूं शकते; म्हणून खेळणाराचें मन पटावरून उठत नाहीं.

परंतु पुढें असे खेळ निघाले, कीं ज्यांनीं हा गाळलेला चारा, पगार आणि दारूगोळा पुन्हां पटावर आणून ठेवला. त्यांत वास्तवाचा भास अधिक, विस्तार अधिक आणि आरंभींचें आकर्षणही अधिक. मात्र त्यांच्याबरोबर एक अडचणही आली. खेळणारा राजा होण्याच्या हौसेनें पटाशीं बसतो आणि पाहतां पाहतां त्याचा कारकून होतो. हा कारकुनीचा भार वाहूनही खेळांतील रस कसा टिकवितां येईल, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या जातीच्या खेळांत सर्वांत नामांकित म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर व ब्रूस शेली या दोघांनीं रचलेला हा संगणकावरील खेळ अमेरिकेंतील मायक्रोप्रोज या संस्थेनें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षीं होतो. सभोंवार सारा नकाशा काळोखांत असतो आणि हातीं असते ती वसाहत करूं निघालेली एक लहानशी टोळी. पहिलें नगर नदीकांठीं वसवावें कीं समुद्रकांठीं? पलीकडच्या टेकडीमागें सुपीक जमीन असेल कीं शत्रूची छावणी? एक पाऊल टाकावें, काळोखाचा एक तुकडा उजळावा आणि नवा प्रश्न समोर यावा, असा तो क्रम. एवढी एकच खेळी खेळून उठूं असें म्हणतां म्हणतां मध्यरात्र उलटते, हा अनुभव जगभरच्या खेळाडूंनीं घेतलेला आहे.

पण सहा हजार वर्षांचा इतिहास पटावर सरत येतो, तसतसें चित्र पालटतें. आतां एकाच्या जागीं वीस नगरें झालेलीं असतात. प्रत्येक नगर ठराविक काळानें विचारतें, आतां काय बांधूं? रस्ते व कालवे काढणाऱ्या मजुरांच्या टोळ्या कामाची वाट पाहत उभ्या असतात. सैन्याच्या एकेका पथकाला एकेक घर पुढें सरकवावें लागतें. आरंभीं जी खेळी कांहीं क्षणांत उरकत असे, तिला आतां पाव तास लागतो. आणि त्या पाव तासांत घेतलेल्या पन्नास निर्णयांपैकीं एकही असा नसतो, कीं ज्याची दुसऱ्या दिवशीं आठवण राहावी.

कामें वाढलीं म्हणून कंटाळा आला, हें निदान सहज सुचतें. पण तें अपुरें आहे. आरंभींचीं कामेंही बारीकच होतीं. एक टोळी एक घर पुढें सरकविणें याहून क्षुल्लक काम कोणतें? तरी त्या वेळीं कंटाळा आला नाहीं, कारण त्या पावलाचें फळ अज्ञात होतें आणि तें सर्व राज्याला लागूं होणारें होतें. विसाव्या नगरांत धान्याचें कोठार आज झालें काय किंवा आणखी दहा खेळ्यांनीं झालें काय, राज्याच्या नशिबांत त्यामुळें फारसा फरक पडत नाहीं. निर्णयांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येक निर्णयाचें वजन घटत जातें. त्यांतच डावाचा निकाल पुष्कळदां शेवटाच्या किती तरी आधीं ठरून गेलेला असतो. जिंकणार कोण हें ठाऊक आहे, उरली आहे ती नुसती उस्तवारी. अशा वेळीं बसल्या जागीं जांभई येणें स्वाभाविक आहे. चांगला खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, अशा आशयाचें सिड मायर यांचें मत प्रसिद्ध आहे. त्यांतील ‘रंजक’ या शब्दावर सारा भार आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर आधींच उघड आहे किंवा ज्याच्या उत्तरानें कांहींच बदलत नाहीं, तो प्रश्न कितीदांही विचारला तरी त्यांत रस उत्पन्न होत नाहीं.

ही अडचण संगणकाबरोबर जन्मास आली, असेंही नाहीं. प्रशियाच्या सैन्यांत रायस्विट्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, याचे नियम प्रसिद्ध केले. या खेळाची मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. मुलानें मात्र शोभेचा पट सोडून खऱ्या प्रदेशाचे बारीक प्रमाणाचे नकाशे घेतले. त्यावर लाल व निळ्या ठोकळ्यांचीं सैन्यें मांडलीं आणि एक खेळी म्हणजे रणांगणावरचीं दोन मिनिटें, असा हिशोब बसविला. तोफेचा मारा किती अंतरावर किती परिणामकारक, कोणाचे किती सैनिक पडले, हें फांसे टाकून आणि कोष्टकें पाहून ठरे. या खेळांतील सर्वांत शहाणपणाची योजना म्हणजे पंच. दोन्हीं पक्ष आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. मोजमाप, कोष्टकें व बेरजा-वजाबाक्या हें सारें पंच करी आणि सेनापतीला फक्त त्याच्या दृष्टीस पडेल तेवढेंच दाखवी. सेनापतीनें सेनापतीचें काम करावें आणि हिशोब दुसऱ्यानें ठेवावा, अशी ती वांटणी होती.

तरीही कोष्टकांचें ओझें पुढें पंचांनाच असह्य झालें. नियम फार, खेळ मंद आणि निष्णात पंच दुर्मिळ, अशा तक्रारी होऊं लागल्या. अखेर १८७६ सालीं फेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें कोष्टकें व फांसे बाजूस सारून सर्व निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोंपविण्याची पद्धत पुरस्कारिली. खेळाला गति आली. पण पंचाचा विवेक कितपत निष्पक्ष, हा नवा वाद उभा राहिला. तपशील ठेवावा तर वेळ जातो, टाकावा तर विश्वास जातो, हा पेंच त्या काळापासून आजतागायत सुटलेला नाहीं.

दुसऱ्या टोंकाचें उदाहरण १९७९ सालचें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील एस. पी. आय. या संस्थेनें ‘द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा रिचर्ड बर्ग यांनीं रचलेला पटावरचा खेळ बाजारांत आणला. दुसऱ्या महायुद्धांतील उत्तर आफ्रिकेची मोहीम हा त्याचा विषय. पट कित्येक फूट लांबीचा, सोंगट्या दीड हजारांहून अधिक आणि खेळणारे प्रत्येक बाजूस पांच असावे, अशी अपेक्षा. वाळवंटांत नुसतें उडून जाणारें इंधनही हिशोबांत धरावें लागे. त्यांतील एक नियम तर दंतकथेप्रमाणें प्रसिद्ध झाला आहे: इटालियन पलटणींना आपल्या शेवया शिजविण्यासाठीं इतरांपेक्षां अधिक पाणी पुरवावें लागे! हा डाव पुरा होण्यास सुमारें १५०० तास लागतात, असा अंदाज आहे. दर रविवारीं तीन तास बसणाऱ्या मंडळीला पांचशें रविवार, म्हणजे साडेनऊ वर्षें, हवींत. नाकापेक्षां मोती जड म्हणतात तें हेंच. तथापि या खेळांतही एक शहाणपण आहे, तें विसरूं नये. पांच जणांत एक सरसेनापति, एक रसदप्रमुख, एक विमानदळाचा अधिकारी, अशीं कामें वांटून दिलेलीं आहेत. जो रसद सांभाळतो, त्याला पाण्याचा प्रश्न कारकुनी वाटण्याचें कारण नाहीं; तेंच त्याचें रणांगण असतें.

संगणक आला तेव्हां हा पेंच सुटेल, अशी अपेक्षा होती. गणित यंत्रानें करावें आणि निर्णय माणसानें घ्यावा, यापरतें सोयीचें काय? गणिताचें ओझें खरोखरच उतरलें. पण यंत्र हिशोबास थकत नाहीं म्हणून राज्यें मोठीं झालीं, सोंगट्या वाढल्या आणि हुकूमही वाढले. शिवाय माणसाचा एक स्वभावदोष आडवा आला. ‘सिव्हिलायझेशन’च्या २००१ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत, एखादें बांधकाम पुरें होण्यास उत्पादनाचे पांच अंश कमी असले आणि नगर वीस अंश निर्माण करीत असलें, तर उरलेले पंधरा अंश वायां जात. एवढी नासाडी टाळण्यासाठीं दक्ष खेळाडू प्रत्येक खेळींत प्रत्येक नगरांत शिरून मजुरांची फिरवाफिरव करीत. त्यांना तें आवडत होतें असें नव्हे. पण फायदा दिसत असतां तो सोडवत नव्हता. २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनीं उरलेले अंश पुढच्या बांधकामाच्या खातीं जमा करण्याची सोय ठेवली आणि एका साध्या नियमानें ही सारी यातायात संपली. संधि मिळाली तर खेळाडू हिशोबीपणाच्या भरांत खेळांतला आनंदच काढून टाकतात, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे, आणि तो विसरण्याजोगा नाहीं.

कारभार सर्वस्वीं दुसऱ्यावर टाकून पाहण्याचा प्रयोगही झाला. अंतराळांतील साम्राज्यांचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ लोकप्रिय होता. २००३ सालच्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत ग्रहाग्रहांवर यंत्राचे सुभेदार नेमले गेले. परिणाम असा झाला, कीं खेळ आपला आपणच चालला आहे आणि सम्राट नुसता बघ्या आहे, अशी पुष्कळांनीं तक्रार केली. सुभेदार काय करतो आणि कां करतो हें कळेना, म्हणून विश्वासही बसेना. २०२५ सालीं निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’च्या सातव्या आवृत्तींत मधला मार्ग शोधलेला दिसतो. मजुरांच्या टोळ्या काढून टाकल्या आहेत. विखुरलेलीं पथकें एका सेनानायकाखालीं गोळा करून एकदम हलवितां येतात. लहान गांवें काय बांधूं म्हणून विचारीत बसत नाहींत, सोन्याच्या रूपानें उत्पन्न देतात. पुष्कळ खेळाडू शेवटपर्यंत पोंचतच नाहींत, हें ओळखून साऱ्या इतिहासाचे तीन युगांत भागही पाडले आहेत. ही युगांची मोडणी कित्येक जुन्या खेळाडूंना रुचली नाहीं, हेंही खरें. ज्या राज्याची इतकी उस्तवारी केली, तें मध्येंच कोणी नव्यानें मांडून दिलेलें त्यांना नको होतें. उस्तवारीनें कंटाळा येतो तसाच जिव्हाळाही जडतो, हें त्यावरून दिसतें.

नियम रचणाऱ्यांचें काम तें असें. पण खेळणाराच्या हातींही कांहीं उपाय आहेत. पहिला उपाय पट मांडण्याच्या वेळचा. सर्वांत मोठा नकाशा हाच सर्वांत मोठा आनंद, हा समज सोडावा. पांचसहा नगरांच्या राज्यांत प्रत्येक नगराला चेहरा असतो, तिसांच्या राज्यांत फक्त नांवांची यादी असते. दुसरा उपाय लक्ष्य ठरविण्याचा. या संध्याकाळीं शेजाऱ्याची खिंड जिंकावयाची किंवा अमुक बंदर गांठावयाचें, असा एक हेतु मनाशीं धरला, म्हणजे पन्नास प्रश्नांपैकीं त्या हेतूशीं संबंध असलेले चारपांच आपोआप वेगळे पडतात. बाकीच्यांना पहिलें सुचेल तें उत्तर द्यावें आणि पुढें जावें. तिसरा उपाय थोडी नासाडी सोसण्याचा. शंभरापैकीं पांच अंश वायां गेले तर राज्य बुडत नाहीं. ते वांचविण्यासाठीं घालविलेला तास मात्र परत येत नाहीं. डाव अर्धा टाकून उठावें लागलें तर पुढचा बेत दोन ओळींत टिपून ठेवावा. आठवड्यानें परतल्यावर कंटाळा येतो, तो पुष्कळदां आपण काय करीत होतों याचाच विसर पडल्यामुळें.

शेवटचा उपाय सर्वांत कठीण. निकाल ठरला आहे अशी खात्री पटली, म्हणजे पट आवरावा. बुद्धिबळांत हरणारा खेळाडू मात होईपर्यंत न थांबतां डाव सोडतो आणि त्यांत कमीपणा मानला जात नाहीं. जिंकणाऱ्यालाही हा संकेत लागूं करण्यास हरकत नसावी. शंभर वेळां तेंच बटन दाबून मिळविलेल्या विजयपताकेपेक्षां, चुरस होती तेथपर्यंत खेळलेला डाव अधिक काळ स्मरणांत राहतो.

एखाद्याला मात्र या बारीक कारभारांतच खरा विसावा मिळतो. दिवसभर दुसऱ्याच्या हुकुमाखालीं राबलेल्या माणसाला आपल्या वीस नगरांचीं कोठारें नीट भरलेलीं पाहून समाधान वाटत असेल, तर तें खोटें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. बागेंतील तण काढणें हेंही कंटाळवाणें काम आहे. ज्याला बाग प्रिय आहे, तो तें गुणगुणत करतो. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं तण काढणारा बागेकडे अधूनमधून मान वर करून पाहतो कीं नाहीं. नोकरी आणि संसार यांतून उरलेल्या संध्याकाळी मोजक्या असतात. त्या कारभारांत घालवाव्या कीं डावांत, हा निर्णय मात्र कोणत्याही सुभेदारावर सोंपवितां येत नाहीं.